उसना ळ

मडमबाईंना ‘ळ’ येत नव्हता. लिहिताना मात्र त्यांच्यासारखा ळ साऱ्या मेहकर तालुक्यात कुणाला काढता आला नसता. दोन दवबिंदू एकमेकांना टेकून पानाच्या टोकाशी थरथरत थांबावेत, तसा तो त्यांच्या खडूतून फळ्यावर उतरे आणि आम्ही मुली पाहत राहत असू. पण तोंडातून तो कधी निघालाच नाही. त्यांची जीभ टाळूकडे वळे, वाटेत कुठेतरी थबके आणि ‘य’ घेऊन परत येई. शाळेला त्या ‘शाया’ म्हणत, फळ्याला ‘फया’, आणि आमच्या जानेफळला ‘जानेफय’.

यात काही चुकते आहे हे गावाच्या ध्यानातही आले नाही. आमच्या वऱ्हाडी घरांत ळ कधी राहायला आलाच नव्हता. आम्हीही डोळ्याला डोया आणि काळ्याला काया म्हणतच वाढलो होतो. समुद्रापलीकडच्या कुठल्याशा धुक्याच्या बेटावर जन्मलेली, भुरकट केसांची, पायांत पुरुषी बूट घालणारी ही बाई आपल्यासारखेच बोलते, याचे गावाला कौतुक होते. ‘मडम हाय, पन आपल्यातली हाय,’ असे पाटील ज्याला त्याला सांगत. मडमबाईंना कुणी पाठवले नव्हते. आधी सहा वर्षे त्यांनी आफ्रिकेत, एका अफाट सरोवराच्या काठच्या शाळेत बिनपगारी शिकवले होते. तिथून त्या आमच्याकडेही तशाच, आपल्या मनाने आल्या. मुलींपुढे धर्माचा शब्द काढणार नाही, असे त्यांनी पहिल्याच भेटीत दुभाष्याकरवी सांगितले, आणि पाटलांनी शाळेसाठी आपली सरकी साठवायची खोली रिकामी करून दिली. त्या खोलीच्या भिंतींत सरकीचा तेलकट, गोडसर वास मुरलेला होता. आजही मुळाक्षरांच्या तक्त्यासमोर उभी राहिले की मला आधी तो वास येतो, अक्षरे मागाहून दिसतात.

राहायला त्या आमच्या मळ्यात होत्या. बा भाजीपाला पिकवायचा. वांगी, मेथी, कांदे, कोथिंबीर. विहिरीशेजारी मोटेचे सामान ठेवायची एक खोली होती, ती त्याने सारवून मडमबाईंना दिली. पहाटे मोट सुरू झाली की चाकाच्या कुरकुरीने त्या जाग्या होत, आणि पाण्याचा पहिला लोट दांडाला लागून ओल्या मातीचा वास उठेपर्यंत दाराच्या चौकटीत डोळे मिटून उभ्या राहत. मग स्वतःचे पाणी स्वतः भरत. डोक्यावर घागर घेण्याचा त्यांचा हट्ट होता. आफ्रिकेतल्या बायकांकडून आपण ते शिकलो आहोत, असे त्या सांगत. पण घरी पोहोचेपर्यंत निम्मे पाणी त्यांच्या खांद्यांवरून ओघळलेले असे आणि माझी माय पदराने तोंड झाकून हसत असे.

भाषा त्या मायकडूनच शिकल्या. त्यांच्याजवळ व्याकरणाचे एक जाड पुस्तक होते, पण ते त्यांनी उशाखालीच जास्त वापरले. सकाळी माय मेथी खुडायला बसली की मडमबाई शेजारी उकिडव्या बसत, दिसेल त्या वस्तूवर बोट ठेवत आणि विचारत, ‘याले घरी काय म्हनता?’ हे त्यांनी शिकलेले पहिले पुरे वाक्य. माय सांगे, ‘याले इया म्हनते वं, इया.’ त्या विळ्याला ‘इया’ म्हणत, त्याचे पाते बोटाने चाचपत, मुठीचा वाससुद्धा घेत, आणि मगच वहीत लिहीत. एखादी भाजी नाकाला लावल्याशिवाय त्यांनी तिचे नाव कधी लिहिले नाही. माय त्यांना पहिल्या आठवड्यापासून ‘तू’ म्हणे. त्या भराभर विचारू लागल्या की ती म्हणायची, ‘घाई कायले? मेथी पयून नाही चालली.’ हळूहळू मायचे शब्दच नव्हेत, तर तिचे थांबणे, तिचे शेवटचा शब्द लांबवणे, नवलाने ‘माय वं’ म्हणणे, सारे मडमबाईंच्या बोलण्यात उतरले. डोळे मिटून ऐकले तर मला कधीकधी कळत नसे, की ओसरीवर माय बोलते आहे की त्या.

अडचण आली ती शाळेत. क्रमिक पुस्तकात पानोपानी ळ होता, आणि शुद्धलेखन सांगताना बाईंनी मळ्याला ‘मया’ म्हटले की मुली मयाच लिहीत. त्यावर तोड निघाली ती पोस्टातून. आमचे पोस्टमास्तर साताऱ्याकडचे होते. रोज सकाळी त्यांच्या घरी भाजी पोहोचवायचे काम माझ्याकडे होते, आणि त्यांच्या पत्नीच्या तोंडात ळ असा सुखाने नांदत होता, की मी दारात उगीच रेंगाळत राही. ‘पळी घे गं’, ‘पोळी करपली बाई’, ‘केळफूल आणलंस का?’ असे त्या बोलत आणि मी प्रत्येक ळ कानात झेलून घेई. एके दिवशी त्यांनी मला पायरीवर बसवले, आपली जीभ उलटी वळवून टाळूला कशी लावायची ते दाखवले, आणि म्हणाल्या, ‘आता सोड.’ मी सोडली. तोंडात ओल्या शेंगेतून दाणा सुटावा तसा काहीसा आवाज झाला. कोथिंबिरीची जुडी तिथेच टाकून मी पळत सुटले ती मडमबाईंच्या खोलीपर्यंत थांबले नाही.

त्या दिवसापासून शाळेत एक रीत पडली. वाचताना ळ आला की मडमबाई थांबत, हातातला खडू माझ्याकडे करत, आणि मी उभी राहून तो शब्द म्हणत असे. मग साऱ्या जणी माझ्यामागून म्हणत. पोरी मला ‘ळवाली’ म्हणून चिडवू पाहत, पण त्यांच्याही तोंडी ते ‘यवाली’ होऊन जाई. प्रत्येकीच्या वहीच्या पानावर मधोमध एक रेघ होती. डावीकडे ‘घरचं’, उजवीकडे ‘पुस्तकातलं’. डावीकडे मले, उजवीकडे मला. डावीकडे काऊन, उजवीकडे का. कुठल्याही बाजूवर काट मारायची नाही, एवढाच त्यांचा नियम. तो त्यांचा एकुलता एक नियम होता, आणि तो मोडलेला त्यांना खपत नसे. एकदा मी ऐटीत डावी बाजू खोडून टाकली, तेव्हा त्यांनी माझी वही मिटून मला नुसतीच परत दिली आणि दिवसभर खडू माझ्याकडे केला नाही. त्या दिवशी ळ आला की शाळा थांबे आणि तशीच पुढे जाई.

या नियमामागचे कारण आम्हाला पुढे कळले. त्यांच्या खोलीत खिळ्याला एक लाकडी फळकूट टांगलेले असे, भिंतीकडे तोंड करून. तळहाताएवढे, काळपट, वर दोरी ओवायला भोक पाडलेले. एका दुपारी आम्ही ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत असताना कुणीतरी उघड्या दारातून त्याच्याकडे बोट करून त्यांच्याच सुरात विचारले, ‘याले घरी काय म्हनता?’ सगळ्या हसल्या. त्या हसल्या नाहीत. शेंगांची टरफले एका बाजूला सारत त्यांनी आम्हाला आफ्रिकेतली ती शाळा सांगितली.

लाल मातीची टेकडी, खाली समुद्रासारखे पसरलेले पाणी, काठावर वाळत घातलेल्या मासळीचा वास. आंब्याच्या झाडाला रुळाचा तुकडा टांगलेला. तो वाजला की मुले रानवाटांनी उतरत, प्रत्येकाच्या डोक्यावर पाटी आणि पाटीवर जळणाचे एकेक लाकूड, कारण दुपारची रताळी सगळ्यांनी मिळून उकडायची असत. छप्पर पत्र्याचे होते. पाऊस आला की इतका आवाज होई की शिकवणे बंद पडे. मग बाई आणि मुले एकमेकांच्या तोंडाकडे पाहत नुसतीच बसून राहत, आणि तेच आपल्याला सर्वांत आवडायचे, असे त्या म्हणाल्या. त्या मुलांच्या घरच्या भाषेत र आणि ल वेगळे नव्हते. एकाच्या जागी दुसरा सहज येई. आणि शाळेचा दंडक असा, की जो घरचा शब्द बोलेल किंवा र-लची चूक करील, त्याच्या गळ्यात ते फळकूट बांधायचे; पुढचा कुणी चुकेपर्यंत ते उतरायचे नाही. एक आठ वर्षांची मुलगी होती. भडाभडा बोलणारी. तिच्या गळ्यात ते सकाळपासून शाळा सुटेपर्यंत राहिले. दुसऱ्या दिवशी ती आली, पण बोलली नाही. त्यानंतर मडमबाई तिथून निघेपर्यंत, जवळजवळ वर्षभर, ती रोज येत राहिली आणि शाळेत तिने एक शब्द उच्चारला नाही.

‘नियम शायेचा होता,’ त्या म्हणाल्या, ‘दोरी मी बांधली. हे माह्या गयात पाह्यजे होतं.’

शेंगा फोडायच्या राहून गेल्या. माय उठली, आत गेली, आणि गुळाचा खडा आणून त्यांच्या हातावर ठेवून पुन्हा आपल्या कामाला लागली.

मी अकरा वर्षांची झाले त्या हिवाळ्यात शाळेच्या मान्यतेचा प्रश्न निघाला. मान्यता मिळाली तर आम्हा सात मुलींना मेहकरला चौथीच्या परीक्षेला बसता येणार होते, आणि पुढे गावाला पगारी शिक्षिकाही मिळणार होती. नाही मिळाली, तर सरकीची खोली पुन्हा सरकीकडे जाणार होती. माझ्यापुरता प्रश्न त्याहून सरळ होता. लोणारकडच्या एका घरातून मला मागणी आलेली होती. माणसे चांगली होती, बागायत होती. बाने त्यांना थांबवून ठेवले होते. ‘डिप्टीसायेब येऊन जाऊ द्या,’ तो मध्यस्थाला म्हणाला. ‘शाया पास झाली त पोरगी शिकंन. नाही झाली त तुमची.’ मी चुलीमागे बसून हे ऐकले. राखेचा वास, भाकरी भाजल्याचा वास, आणि बाचा तो अगदी शांत आवाज. त्याने दोन्ही गोष्टी सारख्याच मायेने म्हटल्या होत्या, म्हणून मला रडताही आले नाही.

शाळा तपासायला येणारे हे डिप्टीसाहेब पुण्याकडचे होते. सोनेरी काड्यांचा चष्मा, करवती काठाचे उपरणे, आणि बोलणे असे, की प्रत्येक शब्द नुकताच धुऊन वाळवला आहे. बाहेर ओसरीवर गावातली माणसे दाटीने उभी होती. बा भाजीची पाटी घेऊन दाराशी आला होता आणि पाटी खाली ठेवायचे विसरला होता. आत येताच साहेबांनी मडमबाईंना नमस्कार केला आणि शाळा कधीपासून चालते ते विचारले. ‘शाया दोन सालापासून चालू हाय, जी,’ त्या म्हणाल्या. साहेबांनी चष्मा काढून पुसला. त्यांनी पुन्हा काही विचारले, आणि मडमबाईंनी पुन्हा माझ्या मायच्या तोंडचे उत्तर दिले. तिसऱ्या उत्तराला साहेबांच्या कपाळावर आठी उमटली. त्यांनी पुस्तक उघडून त्यांच्यापुढे धरले आणि, वर्गाला नेहमी वाचून दाखवता तसे वाचा, असे सांगितले.

मडमबाईंनी नेहमी जसे वाचत तसेच वाचले. ‘आमच्या’ म्हणून त्या थांबल्या, आणि खडू माझ्याकडे केला. पुढचा शब्द होता ‘मळ्यात’.

मी उभी राहिले. माझ्या तोंडात काहीच नव्हते. जीभ टाळूला चिकटलेली. दाराशी बा दिसत होता, त्याच्या पाटीतल्या मेथीवरचे पाणी थेंबाथेंबाने उंबऱ्यावर पडत होते. माझ्या साऱ्या पुढच्या दिवसांना त्या एका अक्षरावरून जायचे होते आणि ते अक्षर मला सापडत नव्हते. साहेबांनी टाक उचलला. ओसरीवर कुणीतरी खाकरले. मला वाटले होते, की आता बाई दुसऱ्या वाक्याकडे वळतील, किंवा मला रागे भरतील; त्यांची शाळाही तिथेच टांगलेली होती. त्या खुर्चीवरून उठल्या, खाली तरटावर माझ्या शेजारी मांडी घालून बसल्या, आणि मेथी खुडायला बसल्यासारख्या स्वरात म्हणाल्या, ‘घाई कायले?’

मी त्यांच्याकडे पाहिले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. हातातला खडू मोडला होता आणि त्याचे दोन तुकडे त्यांनी मुठीत दाबून धरले होते. त्या क्षणी मला खिळ्यावरचे ते फळकूट आठवले आणि कळले, की त्या माझी नव्हे, आणखी कुणाची तरी वाट पाहत आहेत.

‘याले घरी काय म्हनता?’ त्यांनी हळूच विचारले.

‘मया,’ मी म्हणाले. मागे कुणीतरी फिसकन हसले.

‘आन् पुस्तकात?’

‘मळा.’ तो आला. ओल्या शेंगेतून दाणा सुटावा तसा. ‘आमच्या मळ्यात केळी आहेत.’ आणि माझ्यामागून सहा जणींनी, भिंतीतली सरकी हलावी एवढ्या मोठ्याने, मळ्यात केळी आहेत असे म्हटले. दाराशी बाने पाटी खाली ठेवली.

साहेबांनी विचारले, की शिक्षिकेलाच जे अक्षर येत नाही ते या मुलीला आले कुठून.

‘पोस्टातून आलं, जी,’ मडमबाई म्हणाल्या. ‘थे कोथिंबीर देऊन आली, हे घेऊन आली.’

साहेब हसले नाहीत. अक्षर उच्चारता येत नसताना भाषा शिकवण्याचा संकोच वाटत नाही का, असे त्यांनी अगदी सभ्यपणे विचारले.

‘वाटते. म्हनून त मी थांबतो. मी लिवतो, हे म्हनते. दोघी मियून एक मास्तर.’

‘मिळून,’ साहेबांनी सवयीने दुरुस्त केले.

आणि ळ ऐकला की मागून म्हणायचे, या सवयीने आम्ही सातही जणी एका सुरात म्हणालो, ‘मिळून.’

साहेबांनी उपरणे तोंडाला लावले. ते खोकत होते की हसत होते, ते कुणी सांगू शकले नाही. मग त्यांनी स्वतः शुद्धलेखन घातले; दहा ओळी, मुद्दाम वेचून घेतलेल्या, बाभळ आणि ओढाळ आणि सकाळ-संध्याकाळ यांनी भरलेल्या. एकीच्याही पाटीवर ळच्या जागी य उमटला नाही. दोन वर्षे आम्ही त्या अक्षरासाठी थांबत आलो होतो. थांबून मिळालेली गोष्ट कशी विसरणार? साहेबांनी वह्या चाळल्या, मधली रेघ पाहिली, डाव्या बाजूची माझी मायची भाषा ओठ हलवत वाचली, आणि शेरेबुकात इंग्रजीत बराच वेळ काही लिहून ते मेहकरला जाणाऱ्या बैलांच्या दमणीत बसले.

शेरा वाचता येणारे तिथे एकच माणूस होते. मडमबाई उभ्यानेच वाचू लागल्या. ओसरीवर शंभर माणसे माना उंचावून उभी होती. शेवटी बाने विचारले, ‘काय लिवलं, जी?’

त्यांनी पुस्तक मिटले. ‘शाया पास,’ त्या म्हणाल्या. ‘मी नापास.’

मान्यतेची शिफारस करून साहेबांनी खाली लिहिले होते, की शिक्षिकेने आपले मराठी सुधारावे. पाटील इतके हसले की त्यांचे पागोटे सुटले. माय मडमबाईंच्या पाठीत गुद्दा घालून म्हणाली, ‘मी नापास वं बाई, तू कायची? माहीच भाषा तुह्या तोंडी.’ उंबऱ्यावरची पाटी उचलून बा साऱ्या मुलींना एकेक मेथीची जुडी वाटत सुटला, जणू पेढे होते. दुसऱ्या दिवशी लोणारच्या मध्यस्थाला त्याने दारातूनच सांगितले, ‘पोरगी शिकून राह्यली.’ मी चुलीमागेच बसले होते. त्या सकाळची भाकरी मला अजून आठवते. तिला चव होती. कितीतरी दिवसांनी कशालातरी चव होती.

त्या संध्याकाळी मडमबाईंनी खिळ्यावरचे फळकूट काढले. मला वाटले, आता ते चुलीत जाणार. त्यांनी ते शाळेत नेले. फळ्याच्या तिपाईचा एक पाय आखूड होता, त्यामुळे खालच्या पट्टीवर ठेवलेला खडू नेहमी घरंगळून पडे. त्या पायाखाली त्यांनी ते सरकवले, खडू पट्टीवर ठेवून पाहिला, आणि तो जागच्या जागी राहिल्यावर कुलूप लावून घरी आल्या.

आम्ही सात जणी चौथी झालो. पावसाळ्यानंतर गावाला पगारी शिक्षिका मिळाली आणि मडमबाईंनी ट्रंक भरायला घेतली. परत आफ्रिकेला जाणार होत्या. आम्ही कारण विचारले, तेव्हा तिथे आपले एक काम राहिले आहे, एवढेच त्यांनी सांगितले. कुठले, ते विचारायची गरज नव्हती. निघायच्या सकाळी त्या गडबडीने पट्टे आवळत होत्या, आणि माय दारात भाकरी-ठेच्याची शिदोरी घेऊन उभी होती. ‘घाई कायले करतं वं?’ ती म्हणाली. मडमबाई ट्रंकेवर बसल्या आणि मायला त्यांनी शेजारी जागा करून दिली.

शेगाव स्टेशनापर्यंत बा आणि मी गेलो. फलाटावर कोळशाचा धूर, पेरूंच्या टोपल्या, ओल्या घोंगड्यांचा वास. गाडीचा धूर लांबून दिसू लागला तेव्हा त्यांनी कोटाच्या खिशातून खडूचा एक अर्धा तुकडा काढला, तो डिप्टीसाहेब आले त्या दिवशी मोडलेलाच होता, आणि माझ्याकडे केला. काय म्हणायचे ते मला समजले. ‘जानेफळ,’ मी म्हणाले. त्यांनी तो शब्द डोळे मिटून ऐकला, विहिरीच्या पहिल्या पाण्याचा वास घेत तसा. ‘जानेफय,’ त्या म्हणाल्या, आणि डब्यात चढल्या. खडू माझ्या हातात राहिला.

पुढे मी अमरावतीला शिकले. दुसऱ्या वर्षी मायला ताप आला आणि मी पोहोचायच्या आत ती गेली. मग लढाई सुरू झाली, बोटी बुडाल्याच्या बातम्या येऊ लागल्या, आणि मडमबाईंची पत्रे थांबली. शिक्षिका होऊन मी जानेफळच्या त्याच खोलीत परत आले, तेव्हा मी अगदी शुद्ध बोलत होते. आमच्या घरात मायसारखे बोलणारे कुणी उरले नव्हते. बासुद्धा माझ्यापुढे शब्द जपून वापरू लागला होता. लढाई संपली, तरी वर्षभर काही कळले नाही. मी मनातून आशा सोडली होती. एका सकाळी पोस्टातला माणूस शाळेच्या दारात आला. पाकिटावर पत्ता मराठीत होता, आणि गावाच्या नावाच्या शेवटी दोन दवबिंदू एकमेकांना टेकून थरथरत उभे होते. मी खाली तरटावर बसले.

पत्र लहान होते. त्या सुखरूप होत्या. केस पांढरे झाले होते, घागर अजून सांडत होती. ती आठ वर्षांची मुलगी आता मोठी झाली होती आणि त्याच शाळेत पहिलीला शिकवत होती. मडमबाई परत गेल्यावर तिच्या घरी गेल्या, तिने दार उघडले, आणि बाईंनी फक्त एका वस्तूवर बोट ठेवले आणि तिच्या भाषेत विचारले, याला घरी काय म्हणता? ‘लय दिस लागले,’ त्यांनी लिहिले होते. ‘मी म्हनलं, घाई कायले. मंग थे बोलली. पह्यले घरचं बोलली. आता काय सांगू वं तुले, थे पोरगी इतकी बोलून राह्यली, का मले मधात बोलू देत नाही.’

मी ते पत्र मोठ्याने वाचले, एकदा आणि पुन्हा एकदा. इतक्या वर्षांनी त्या खोलीत माझी माय बोलत होती. बाला बोलावून आणले. तो दाराशी, आपल्या नेहमीच्या जागी उभा राहिला, पुरते ऐकले, आणि म्हणाला, ‘बरं झालं वं. बरं झालं.’ मग, माझ्यासमोर कितीतरी दिवसांत बोलला नव्हता तसे, न जपता, मायच्या आठवणी सांगत बसला.

माझ्या वर्गातल्या वह्यांना मधोमध रेघ आहे. तिपाईच्या आखूड पायाखालचे लाकूड झिजून काळे पडले आहे. ते काय आहे, हे मुलींना ठाऊक नाही. मला ळ येतो. चांगला येतो. तरी वाचताना तो आला की मी थांबते, आणि खडू एखाद्या मुलीकडे करते. कधी पटकन येतो, कधी येत नाही. भिंतीतून अजून सरकीचा वास येतो, बाहेर कुणाच्या तरी मोटेचे चाक कुरकुरत असते. मी तरटावर तिच्या शेजारी जाऊन बसते.